क्रियापद कुणाचं ऐकतं? अशुद्ध वाक्य ओळखायला पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

माझं गाव उदगीरच्या पलीकडं. तिथून बिदर जवळ, लातूर लांब. आमच्या घरी आजही 'मी काम केलो', 'मी भाकर खाल्लो' असंच बोलतात, आणि गावी गेलो की मीही तसंच बोलतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण लातूरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा पहिला सराव पेपर सोडवायला बसलो, तेव्हा याच 'केलो'नं माझा घात केला. प्रश्न साधा होता, शुद्ध वाक्य ओळखा. पर्याय असे:

(१) मी सगळे काम केलो. (२) मी सगळे काम केला. (३) मी सगळे काम केले. (४) मी सगळे काम केली.

मी मनातल्या मनात चारही वाचले, पहिला कानाला गोड लागला, गोल काळा केला. शेजारी परभणीचा पोरगा बसला होता, त्याला तिसरा गोड लागला होता. आमच्या दोघांत व्याकरण कुणालाच येत नव्हतं. त्याचा कान प्रमाण मराठीच्या जवळ होता आणि माझा लांब, एवढाच फरक. पुढच्या वाक्यात त्याचाही कान आपटला, ते पुढं येईलच.

तेव्हापासून नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. कानाला बाजूला बसवा. कान घरच्या बोलीवर घडलेला असतो, आणि पेपर काढणारा तुमच्या घरी जेवायला आलेला नसतो. वाक्य कसं 'वाटतं' ते सोडा, त्यातलं क्रियापद कुणाचं ऐकतंय ते शोधा. निम्म्याहून जास्त चुका तिथंच सापडतात.

हे प्रश्न येतात कुठं, तर जवळपास सगळीकडं. २०२३ च्या तलाठी भरतीत (त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) १०० प्रश्नांतले २५ मराठीचे होते आणि प्रत्येकाला २ गुण. पोलीस शिपायाची लेखी १०० गुणांची, वेळ ९० मिनिटं, तिथंही मराठी व्याकरण आहे. शिक्षक पात्रता परीक्षेत १५० पैकी ३० गुण पहिल्या भाषेचे. राज्य लोकसेवा आयोगाच्या वस्तुनिष्ठ पेपरात चुकीच्या उत्तराला पाव हिस्सा गुण जातात, म्हणून तिथं 'गोड लागलं' म्हणून गोल करणं महागात पडतं.

पहिलं पाऊल: क्रियापदाखाली रेघ

पर्याय वाचायच्या आधी क्रियापद शोधा. पेपर कागदावर असेल तर पेन्सिलीनं रेघ मारा, संगणकावर असेल तर कच्च्या कागदावर तेवढा शब्द लिहा. पहिले पंधरा दिवस हे कंटाळवाणं वाटेल. मारा तरी.

मग त्या क्रियापदाच्या धातूला 'णारा, णारी, णारे' लावून विचारा, कोण? 'आजीने चूल पेटवली.' पेटवणारी कोण? आजी. ती कर्ता. 'तिला दूध आवडते.' आवडणारे काय? दूध. म्हणजे इथं कर्ता 'ती' नाही, 'दूध' आहे. नवीन माणूस हमखास इथं अडकतो, कारण माणूस दिसला की आपण त्यालाच कर्ता धरतो. म्हणून 'तिला दूध आवडते', 'तिला चहा आवडतो', 'तिला भजी आवडतात'. क्रियापद खाण्यापिण्याच्या वस्तूकडं बघून बदलतं, तिच्याकडं ढुंकूनही बघत नाही. 'मला दोन वह्या पाहिजे' हे परीक्षेत चूक आणि 'पाहिजेत' बरोबर, त्याचंही कारण हेच. तिथं मालकी वह्यांची आहे.

दुसरं पाऊल: प्रत्यय कुणाच्या अंगावर?

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. भूतकाळातलं वाक्य दिसलं की दोन गोष्टी तपासा. कर्त्याला 'ने, नी' असा प्रत्यय लागलाय का? आणि कर्माला, म्हणजे क्रिया ज्याच्यावर घडते त्याला, 'ला, ना, स' लागलाय का?

कर्ता कोरा असेल तर क्रियापद कर्त्याच्या मागं जातं. 'मुलगी पळाली', 'बैल बसला'. हा कर्तरी प्रयोग.

कर्त्याला प्रत्यय आहे, कर्म कोरं आहे, तर क्रियापद कर्माच्या मागं जातं. 'आईने भाकरी केली', 'आईने लाडू केला', 'आईने थालीपीठ केले'. आई तीच आहे, पण क्रियापद तीन रूपं घेतंय, कारण ते भाकरी, लाडू आणि थालीपीठ यांचं ऐकतंय. हा कर्मणी.

दोघांनाही प्रत्यय आहे, तर क्रियापद कुणाचंच ऐकत नाही. ते नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन गप्प बसतं. 'पोलिसांनी चोरांना पकडले', 'आईने मुलीला झोपवले'. हा भावे.

परभणीच्या पोराचा कान आपटला तो या तिसऱ्या जागी. 'शिक्षकांनी मुलींना बोलावल्या.' त्याला हे बरोबर वाटलं. बोलताना आपण सर्रास असंच बोलतो, चांगल्या लेखकांच्या लिखाणातही असं सापडतं. परीक्षेला मात्र 'बोलावले' हवं, कारण 'मुलींना' या शब्दावर 'ना' बसलाय. प्रत्यय बसला की त्या शब्दाची क्रियापदावरची सत्ता गेली, असं लक्षात ठेवा.

आता आमच्या 'मी काम केलो'कडं येऊ. इथली गोम अशी की प्रमाण मराठीत 'मी, आम्ही, तू, तुम्ही' यांना 'ने' लागलेला दिसतच नाही. 'त्याने काम केले' म्हणताना 'ने' डोळ्यांना दिसतो, 'मी काम केले' म्हणताना तो लपलेला असतो. उदगीर, निलंगा, देगलूर, उमरगा या पट्ट्यात क्रियापद सरळ 'मी'च्या मागं लावायची सवय आहे. पलीकडच्या कन्नडात आणि तेलुगूत क्रियापद असं कर्त्याच्याच मागं जातं, भूतकाळातही. शेजाराचा वारा लागणारच. जुन्या मराठीत ही अडचण नव्हती, तिथं 'म्यां' असा वेगळा शब्दच होता, ज्ञानेश्वरीत तो जागोजागी भेटतो. आपल्याकडच्या म्हाताऱ्या अजून 'म्या केलं' म्हणतात, त्यांना गावंढळ म्हणणाऱ्याला हे एकदा दाखवा. परीक्षेत मात्र 'म्या' लिहू नका, तो भाग वेगळा.

युक्ती अशी: 'मी'च्या जागी 'तो' किंवा 'त्याने' ठेवून बघा. 'त्याने काम केले' जमतं, 'तो काम केला' जमत नाही, म्हणून 'मी काम केले'. पण ज्यांच्या घरी 'तो काम केला' हेही चालतं, त्यांना ही युक्ती दगा देते. मला दिला. अशांना पाठांतराला पर्याय नाही. कोरं कर्म असलेलं भूतकाळी वाक्य कर्मणीत जातं असं धरून चाला आणि अपवादांची छोटी यादी डोक्यात ठेवा: शिकणे, विसरणे, पिणे, बोलणे, म्हणणे, नेसणे. ही क्रियापदं कर्म घेऊनही भूतकाळात कर्त्याच्याच मागं जातात.

मी नाव विसरलो. ती गाणे शिकली. तो पाणी प्याला. ती खोटे बोलली. आजी लुगडे नेसली. तो काहीतरी म्हणाला.

'तिने गाणे शिकली' हा पेपर काढणाऱ्यांचा लाडका सापळा आहे. 'त्याने म्हणाला' हा दुसरा. तिथं एक तर 'तो म्हणाला' किंवा 'त्याने म्हटले', दोघांची खिचडी नाही. आपल्याकडं 'मी चहा पिलो' म्हणतात, त्यातला 'मी'चा ताबा बरोबर आहे, फक्त रूप 'प्यालो' किंवा 'प्यायलो' हवं.

अजून एक गंमत सांगतो. आमच्या भागातली पोरं हा नियम नवा शिकली की इतकी घाबरतात की जिथं 'विसरलो' बरोबर आहे तिथंही 'मी नाव विसरले' करून टाकतात. ताकही फुंकून पितात. घरातून आलेली सगळीच रूपं चुकीची नसतात.

'तू' असेल तर शेवटी 'स' बघा: 'तू अर्ज भरलास', 'तू फी भरलीस', 'तू नाव लिहिलेस'. अर्ज, फी, नाव यांच्याप्रमाणे मधलं अक्षर बदललं आणि 'तू'साठी 'स' लागला. कर्ता आणि कर्म दोघांचंही ऐकणारं हे क्रियापद, पुस्तकात याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात.

आणि 'ने' दिसला की लगेच कर्ता समजू नका. 'बापूने कुऱ्हाडीने फांदी तोडली.' यात दोन 'ने' आहेत. तोडणारा बापू, कुऱ्हाड हे साधन. 'णारा कोण' विचारलं की गोंधळ मिटतो.

माझा की माझ्या

मोबाइलवर टंकून टंकून ही चूक आता सगळ्यांच्या बोटांत बसली आहे. 'माझा भावाला', 'त्यांचा घरी', 'तुझा कडे'. नियम सरळ आहे. पुढच्या नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की मागच्या आकारान्त शब्दाचं तोंड बदलतं. माझा भाऊ, पण माझ्या भावाला. काळा कुत्रा, पण काळ्या कुत्र्याने. शेजारचा वाडा, पण शेजारच्या वाड्यात. बोलताना 'चा' आणि 'च्या' यातला फरक पुसट होतो, म्हणून कान इथंही कामाचा नाही. वाक्यात 'चा, झा, ळा, ठा' दिसला की लगेच पुढच्या शब्दाच्या शेपटीकडं बघायचं.

शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं असतं, हे याच्याच जोडीला शिकून घ्या. पावसामुळे, घरासमोर, तुझ्याकडे, मीसुद्धा. 'पावसा मुळे' अशी फोड केलेली दिसली की चूक तिथंच.

लिंग आणि वचन

'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. समोर मिशीवाला पैलवान उभा असला तरी 'ती व्यक्ती आली'. 'तो व्यक्ती' इतक्यांदा विचारलंय की आता पेपर काढणाऱ्यालाही कंटाळा आला असेल, तरी दरवर्षी कुणीतरी चुकतंच.

आपल्याकडं हिंदी आणि दखनी कानावर सतत असते, त्यामुळं काही शब्दांची लिंगं घसरतात. 'दही आंबट झाला' हे हिंदीचं वळण, मराठीत दही आंबट झाले. 'सामान आला' नाही, सामान आले.

'वेळ' मात्र दोन्हीकडून खेळतो. जाण्याची वेळ झाली, पण माझा वेळ वाया गेला. क्षण असेल तर ती, काळाचा तुकडा असेल तर तो. हा शब्द पर्यायात दिसला की घाई करू नका.

आदरार्थी बहुवचनात सूर मध्येच तुटतो का, तेही बघा. 'गुरुजी वर्गात आले आणि त्याने हजेरी घेतली.' अर्ध्या वाक्यात मान दिला आणि अर्ध्या वाक्यात काढून घेतला. 'त्यांनी' हवं. एका टिंबाचा आणि वेलांटीचा फरक मोठा असतो: 'शेतकऱ्याने' एक, 'शेतकऱ्यांनी' अनेक किंवा मानाचा एक.

जे आपल्या बोलीत एक आणि परीक्षेत दुसरंच

'मी अभ्यास करू लागलो' हे आपल्या बऱ्याच गावांत 'मी आत्ता अभ्यास करतोय' या अर्थानं बोलतात. प्रमाण मराठीत त्याचा अर्थ अभ्यासाला सुरुवात केली, एवढाच. काळ किंवा अर्थ विचारणाऱ्या प्रश्नात यानं चांगली पोरं फसली आहेत. तसंच 'पाऊस पडायलाय', 'तो जेवायलाय'. परीक्षेत 'पडत आहे', 'जेवत आहे'.

न आणि ण, ल आणि ळ, स आणि श हे बोलताना एकमेकांत मिसळतात. बोलताना मिसळोत बापडे, पण 'पानी', 'आनि', 'सेत' असं लिहिलेलं दिसलं तर ती चूक आहे. 'मला माहिती नाही' हेही असंच बोलण्यातलं. 'माहिती' हे नाम, 'माहीत' हे विशेषण, म्हणून 'मला माहीत नाही' आणि 'मला त्याची माहिती मिळाली नाही'.

तुटलेल्या जोड्या आणि दुहेरी शब्द

जर असेल तिथं तर, जरी असेल तिथं तरी, जेव्हा असेल तिथं तेव्हा. 'जरी पाऊस पडला पण तळे भरले नाही' यात जोडीदार बदलला. वाक्य लांबलचक असलं की पेपर काढणारा मधे दहा शब्द घालून ही जोडी लपवतो, म्हणून पहिला शब्द दिसला की त्याच्या जोडीदाराचा शोध सुरू करा.

दुहेरी शब्दांची गंमत आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, पिवळा पीतांबर आणि गाईचं गोमूत्र. परीक्षेत तेच कपडे बदलून येतं: 'सहकुटुंबासह', 'परत पुन्हा', 'सर्वांत सर्वोत्कृष्ट', 'सुमारे पन्नासेक' (शेवटचा 'एक' म्हणजेच सुमारे), 'धैर्यता' (धैर्य हे आधीच भाववाचक, त्याला 'ता' कशाला?). 'फक्त तीनच' सुद्धा यातच मोडतं, 'फक्त' ठेवा नाहीतर 'च' ठेवा. बोलताना मी स्वतः 'फक्त तीनच' म्हणतो आणि म्हणत राहणार, पण गुण पाहिजेत तर पेपरापुरतं सोडायचं.

विशेषण चुकीच्या घरात बसलंय का, हेही एकदा बघा. 'शुद्ध म्हशीचे तूप' अशी पाटी बाजारात दिसते. तूप शुद्ध हवं, म्हशीला काय करायचंय?

शुद्धलेखन: उभं वाचा, आडवं नको

शुद्ध शब्द ओळखा म्हणून चार जवळजवळ सारखे शब्द देतात. एकेक शब्द आडवा वाचत गेलात तर चौथ्यापर्यंत डोळे फिरतात आणि सगळेच बरोबर वाटायला लागतात. त्यापेक्षा चारही शब्दांचं पहिलं अक्षर वरून खाली बघा, मग दुसरं. फरक कुठं आहे ते अक्षर सापडलं की प्रश्न तेवढ्यापुरता उरतो.

आता नियम. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनानं १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत ४ वाढवले. एकूण १८. मूळ नियम छापील मिळतात, चार पानांचा मामला आहे. यूट्यूबवर तीन तासांची व्हिडिओ बघण्यापेक्षा ती चार पानं दहा वेळा वाचा. जास्त लागणारे इथं सांगतो.

शब्दाचा शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू, शत्रू, वस्तू, दृष्टी. यात न बसणारे थोडे: आणि, नि, परंतु, किंतु, तथापि, यद्यपि, अद्यापि. पण तोच संस्कृत शब्द समासात पहिल्या जागी जाऊन बसला की ह्रस्व होतो: कविसंमेलन, गुरुपौर्णिमा, शत्रुपक्ष, वस्तुस्थिती, दृष्टिकोन, मंत्रिमंडळ, पक्षिमित्र. 'दृष्टीकोन' आणि 'मंत्रीमंडळ' आपण सगळीकडं लिहिलेलं बघतो, म्हणून डोळ्यांना तेच बरोबर वाटतं. इथं डोळाही कानासारखाच फितूर.

शब्दाच्या शेवटी अकार असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: गरीब, वकील, फूल, मूल, बहीण. प्रत्यय लागला की तो ह्रस्व: गरिबाला, वकिलाने, फुलाचा, मुलाला, बहिणीला. तीन अक्षरी शब्दाचं पहिलं अक्षर दीर्घ असेल तर मधला इकार-उकार पार गळूनच जातो: कापूस, पण कापसाला; लाकूड, पण लाकडाचा; तांदूळ, पण तांदळात; बेरीज, पण बेरजेत. कापसाच्या भागातला माणूस हे शिकवल्याशिवायही बरोबर बोलतो, तेवढ्यापुरता कान कामाला येतो.

हे सगळं मराठी शब्दांचं झालं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपली ह्रस्व-दीर्घं सोडत नाहीत: शरीर-शरीराला, परीक्षा-परीक्षेला, रूप-रूपाला, आणि गुण, मधुर, नागरिक हे अकारान्त असूनही ह्रस्वच.

जोडाक्षरांच्या शब्दांना पाठ करू नका, फोडा. महत् + त्व म्हणून महत्त्व, त दोनदा. तत् + त्व म्हणून तत्त्व. पण नेतृ + त्व यात आधीच्या शब्दाला स्वतःचा मोडका त नाही, म्हणून नेतृत्व, त एकदाच. उत् + ज्वल म्हणजे उज्ज्वल. दुर् + अवस्था म्हणजे दुरवस्था, 'दुरावस्था' नव्हे. कोटि + अधीश म्हणजे कोट्यधीश, 'कोट्याधीश' नव्हे. पुनर् + रचना म्हणजे पुनर्रचना. व्यक्तिमत्त्व या एका शब्दात ह्रस्व 'क्ति' आणि दुहेरी त दोन्ही आहेत, म्हणून तो पुन्हा पुन्हा येतो. आशीर्वाद तेवढा पाठच करा, 'शी' दीर्घ.

सराव कसा करायचा

चुकांची वही ठेवा, बरोबर आलेल्यांची नको. डाव्या पानावर चुकलेलं वाक्य, उजव्या पानावर फक्त कारण, तेही चार शब्दांत: 'कर्माला ना, म्हणून भावे', 'व्यक्ती स्त्री.' उत्तर लिहू नका. आठवड्यानं डावं पान बघून कारण आठवतंय का तपासा. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात अर्ध्याहून जास्त ओळी कर्मणीच्याच होत्या. तुमचा आकडा दुसऱ्या ठिकाणी जाईल, आणि तो कळणं हाच वहीचा उपयोग.

सोबत्याबरोबर बसत असाल तर शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातला निवडा. बीडचा आणि नांदेडचा पोरगा एकाच वाक्यावर भांडले की व्याकरण आपोआप बाहेर येतं. गावाकडून एसटीनं आलेला डबा उघडून जेवताना आम्ही एकमेकांच्या बोलण्यातल्या चुका काढायचो. भाजीपेक्षा त्यालाच जास्त चव असायची.

जुने पेपर सोडवताना पहिली आणि अंतिम, दोन्ही उत्तरतालिका जवळ ठेवा. पहिल्या तालिकेवर हरकती घेता येतात आणि व्याकरणाच्या प्रश्नांवर त्या येतातही. दोन तालिकांत उत्तर बदललेले प्रश्न वेगळे काढा. तिथं जाणकारांचंही एकमत होत नाही, म्हणून अशा एका प्रश्नापायी रात्र घालवू नका.

आता काही वाक्यं. प्रत्येकाचे भाग पाडले आहेत, चुकीचा भाग शोधा, चूक नसेल तर 'चूक नाही'. उत्तर झाकून ठेवायला हात पुरे.

मराठवाडा / १७ सप्टेंबर १९४८ रोजी / निजामाच्या राजवटीतून / मुक्त झाली.
चौथा भाग. कर्ता 'मराठवाडा', पुल्लिंगी, कोरा. मुक्त झाला. 'राजवट' स्त्रीलिंगी आहे आणि क्रियापदाच्या जवळ उभी आहे, म्हणून भूल पडते.

सरकारने २०१६ साली / मिरजेहून रेल्वेने / लातूरला पाणी / आणला.
चौथा भाग. दोन 'ने' आहेत, आणणारं सरकार, रेल्वे साधन. कर्म 'पाणी' कोरं आणि नपुंसकलिंगी, म्हणून आणले.

जायकवाडी / धरणाचा पाण्यावर / अनेक गावे / अवलंबून आहेत.
दुसरा भाग. पाण्याला 'वर' लागलाय, म्हणून धरणाच्या.

तिने / लहानपणीच आजोबांकडून / उर्दू / शिकली.
पहिला भाग. 'शिकणे' यादीतलं आहे, ती शिकली.

जरी सोयाबीनला / भाव नव्हता, / पण शेतकऱ्यांनी / ते विकले.
तिसरा भाग. 'तरी' हवं.

आम्ही / सहकुटुंबासह / तुळजापूरला / गेलो.
दुसरा भाग. सहकुटुंब पुरे.

तलाठ्याने / सगळ्या बायकांना / चावडीवर / बोलावले.
इथं बहुतेक जण 'बोलावल्या' हवं म्हणून चौथ्या भागावर बोट ठेवतात. तलाठ्याला 'ने', बायकांना 'ना', दोघांवरही प्रत्यय. क्रियापद कुणाचंच ऐकत नाही. चूक नाही.